वीतभर अंतरावरून

“अल्बम करतेय” असं सांगितलं की पहिला प्रश्न हमखास यायचा, “कुठल्या सिनेमाचा?” सिनेमाचा नाही म्हटलं की लगेच, “मग अभंग का?” अभंग नाहीत, भावगीतं नाहीत, मराठीतली आठ नवी पॉप गाणी आहेत, एवढं सांगून होईपर्यंत समोरच्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटलेली असायची. आमच्या एका काकांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, “नोकरी आहे ना अजून?”

नोकरी आहे. पुण्यात एका कंपनीत हिशेब बघते आणि शनिवार-रविवारी गाते. इतकी वर्षं गाणं म्हणजे गणेशोत्सवातले कार्यक्रम, दिवाळी पहाट, लग्नातलं संगीत, नाहीतर एखाद्या कवीच्या गाण्यांवरचा निवेदनासह कार्यक्रम. सगळी गाणी दुसऱ्यांची. टाळ्या मूळ गाण्याच्या आठवणीला पडायच्या, आणि त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. फक्त आपलं म्हणावं असं एकही गाणं नसताना चाळिशी गाठायची नव्हती.

हल्ली अल्बम कुणी करत नाही, हेही सगळ्यांनी सांगून झालं. एकेक गाणं सोडायचं, त्याची रील करायची, लोकांच्या नजरेसमोर राहायचं, ही आजची रीत. हिशेब बघणारी म्हणून मला ती पटतेही. पण मी कॅसेटवर वाढलेली आहे. आमच्या घरी ‘गारवा’ होती. त्यात मिलिंद इंगळे गायला लागायच्या आधी सौमित्र कविता म्हणायचे, आणि त्या क्रमाची इतकी सवय झालेली की त्यातलं एखादं गाणं कुठं सुटं लागलं तर कान आधी कविता शोधायचे. मला असं एकापाठोपाठ एक ऐकायचं काहीतरी हवं होतं. विषयही ठरला: भाड्याचं घर सोडण्याची शेवटची रात्र. सामान बांधणं, गच्चीवरून काढलेले कपडे, घरमालकाशी डिपॉझिटवरून वाद, वॉचमनचा निरोप, आणि रिकाम्या खोलीत एकटीनं काढलेले काही तास.

गीतकार मित्र बँकेत आहे. त्याची बदली दर थोड्या वर्षांनी होते, त्यामुळं घर सोडण्याबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी मोबाइलवर चाल गुणगुणून पाठवायचे, डमी शब्द घालून. डमी शब्दांत बहुतेक स्वयंपाकघरच असायचं, “भाजी टाकू का, कांदा कापू का” अशा थाटात, आणि तो त्यातला खटका पकडून खरे शब्द लिहायचा. बऱ्याच चाली झाल्या. त्यातून निवडताना अरेंजर मित्रानं, म्हणजे गाण्याला वाद्यांची मांडणी करणाऱ्यानं, एकच कसोटी लावली: नुसत्या गिटारवर, कुठलाही साज न चढवता गाणं शेवटपर्यंत ऐकवलं गेलं तर ठेवायचं. आठ उरली. गळलेल्यांत माझी सगळ्यात लाडकी चाल होती. तिच्याबद्दल तो एवढंच म्हणाला, “ही छान आहे गं, पण ही तू नाहीस, ही तुझी आवडती गायिका आहे.” मला राग आला, आणि गाणं गेलं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळे वादक एकत्र बसतात, गायिका मधे उभी राहते आणि गाणं रेकॉर्ड होतं. एके काळी तसंच व्हायचं. आता आधी एक क्लिक येते, म्हणजे ठरलेल्या लयीची टिकटिक. तिच्यावर गायिका कच्चं गाऊन ठेवते. त्याला गाइड म्हणतात. त्या गाइडवर कीबोर्ड, प्रोग्रामिंग, मग गिटार, बास, ढोलकी, व्हायोलिन असे एकेक जण आपापल्या सोयीनं येऊन वाजवून जातात. कच्चं गाणं पुसून त्या जागी पक्कं गाणं येतं ते सगळ्यांच्या शेवटी. मी गायला उभी राहिले तेव्हा ढोलकीवाले दादा कुठल्यातरी जत्रेच्या कार्यक्रमात होते आणि व्हायोलिनवाला परदेशात. कार्यक्रमात मी एखादा शब्द लांबवला की तबलजी माझ्याकडं बघतो, हसतो, समेवर भेटतो. क्लिक कुणाकडं बघत नाही. एका गाण्यापुरतं अरेंजरनं हे उलटं केलं: मला क्लिकशिवाय मनासारखं गाऊ दिलं आणि नंतर त्या गाण्याची लय मात्रेमात्रेला मोजून क्लिकच माझ्यामागं चालवली. काम किचकट आहे, प्रत्येक गाण्याला परवडणारं नाही. पण त्या एका गाण्यात श्वास घ्यायला जागा आहे हे ऐकणाऱ्यालाही जाणवतं.

ढोलकी मात्र आम्ही कॉम्प्युटरमधली घेतली नाही. तयार लूप विकत मिळतात, चांगलेही असतात, पण त्यांचं बोट कुठं चुकतच नाही. दादा आले ते काळी पाचच्या ढोलक्या घेऊन, कारण मी पट्टी काळी पाच सांगितली होती, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा माझा षड्ज. ढोलकीची शाई, म्हणजे काळ्या लेपाची बाजू, गाण्याच्या षड्जाला लावलेली असते. हे पुढं महागात पडणार होतं.

आता आवाजाकडं येते, कारण या सगळ्या उद्योगात माझा खरा वेळ तिथं गेला.

माझं शिक्षण नाट्यसंगीताच्या अंगानं झालंय. बाई सांगायच्या, “शेवटच्या रांगेतल्याला शब्द कळला पाहिजे. तोही तिकीट काढूनच आलाय.” त्या स्वतः माइक बंद पडला तरी थांबायच्या नाहीत. तीच सवय मला लागली. आवाज लांब फेकायचा, छाती उघडी, हनुवटी किंचित वर. कार्यक्रमातला माइक हा माझ्या दृष्टीनं मदतनीस. तो असला तर बरं, नसला तरी चालेल.

स्टुडिओतला माइक असा नसतो. मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माइक, त्याला ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो, आणि तो खोलीतलं सगळं ऐकतो: ओढणीची सळसळ, हातातली बांगडी, पोटातली भूक. समोर जाळीचा पॉप फिल्टर. तोंडापासून माइक वीतभर. पहिल्या दिवशी घेतलेलं गाणं शेवटच्या रात्रीचं होतं, रिकाम्या खोलीत कॅलेंडर काढून घेतल्यावर उरलेल्या खिळ्याशी ती बोलते ते. मी मुखडा गायले. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टचा आवाज हेडफोनमध्ये आला, “छान ताई. आता हेच मला सांगा.”

“म्हणजे?”

“म्हणजे गाऊ नका. सांगा.”

मी आवाज कमी केला. तो म्हणाला, या, ऐका. मोठ्या स्पीकरवर ऐकलं तेव्हा त्याला काय म्हणायचंय ते मला सांगावं लागलं नाही. आवाज कमी होता, पण ऐटीत काही फरक नव्हता. एका खिळ्यासमोर एक बाई सभा घेत होती.

त्या रात्री अरेंजरनं मला एक लिंक पाठवली: अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचा पहिला स्टुडिओ अल्बम, ‘द व्हॉइस ऑफ फ्रँक सिनात्रा’. १९४६ सालचा. आठच गाणी, ७८ आरपीएमच्या चार तबकड्या, प्रत्येकीच्या दोन बाजू. साथीला भलामोठा ऑर्केस्ट्रा नाही, चार तंतुवाद्यं, लयीची चार वाद्यं, आणि मधूनच एखादी बासरी किंवा ओबो. अक्सेल स्टोर्डालची ती मांडणी आजच्या कानालाही रिकामी, मोकळी वाटते, आणि त्या मोकळ्या जागेत हा माणूस अगदी जवळ येऊन बोलतो. १९४८ मध्ये लाँगप्ले तबकडी निघाली तेव्हा कोलंबिया कंपनीनं हाच अल्बम दहा इंची एलपीवर पुन्हा काढला. सुरुवातीच्या सुट्या गाण्यांतून त्याला नाव मिळालं होतंच, पण एका भावनेची आठ गाणी एकत्र बसवली की त्यांचं वजन बदलतं, हे मला त्या चार तबकड्यांवरून पटलं.

मी मग मागं मागं जात वाचत बसले. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान ग्रामोफोन कंपनीसाठी गायली तेव्हा माइक नव्हताच. समोर एक कर्णा, त्याच्या टोकाला पडदा, पडद्याला सुई. गाणाऱ्याच्या आवाजाच्या जोरावरच मेणात खाच पडायची. साहजिकच मोठ्यानं गावं लागायचं, तेही तीन मिनिटांच्या आसपास संपवून. गाणं संपता संपता ती इंग्रजीत आपलं नाव सांगते, कारण तबकड्या दाबल्या जायच्या जर्मनीत हानोव्हरला, आणि तिथल्या माणसांना हे कुणाचं गाणं ते कळायला हवं. विजेवर चालणारा माइक रेकॉर्डिंगमध्ये आला १९२५ मध्ये. त्यानंतर पहिल्यांदा असं झालं की हळू गाणाऱ्याचंही रेकॉर्ड निघू शकलं. बिंग क्रॉस्बी, मग सिनात्रा, ही सगळी मंडळी त्या यंत्राची लेकरं. आपल्याकडं संगीत नाटकाची जोरकस गायकी आणि रेडिओ-रेकॉर्डवरचं हळुवार भावगीत यांच्यातलं अंतरही मला याच अंगानं दिसायला लागलं. कवितेनं, चालींनी फरक पडला असेलच, पण श्रोता शेवटच्या रांगेतून उठून थेट कानाशी येऊन बसला होता, त्याचाही त्यात मोठा वाटा असणार.

आणि हे जुनंपुराणं आहे असंही नाही. बिली आयलिशचा पहिला अल्बम २०१९ मध्ये आला. तो लॉस एंजेलिसमधल्या तिच्या घरी, भावाच्या बेडरूममध्ये तयार झाला. ती त्यात बरंचसं पुटपुटतेच. पुढच्या वर्षी ग्रॅमीतली चारही मुख्य बक्षिसं तिच्याकडं गेली. मला तिच्यासारखं गायचं नव्हतं, जमलंही नसतं. पण एक गोष्ट लक्षात आली: हळू आवाज म्हणजे कमी आवाज नव्हे. त्याची बैठकच वेगळी आहे आणि ती शिकावी लागते.

सगळ्यात आधी पट्टी बदलली. काळी पाचवर तार षड्जाला माझा आवाज आपोआप उघडतो. तिथं कुजबुजायला गेलं तर तो किरटा होतो. काळी चार करून पाहिली, तरी तेच. शेवटी पांढरी पाच. तीन स्वर खाली आल्यावर मुखडा बोलण्याच्या पट्टीत आला. गिटारवाल्याला त्रास नव्हता, त्यानं कॅपो, म्हणजे तारांवरचा चिमटा, सरकवला. प्रोग्रामिंग बटणावर बदललं. राहिली ढोलकी. ती रेकॉर्ड झालेली होती काळी पाचला, आणि सॉफ्टवेअरनं तीन स्वर खाली ओढली की शाईची टणक टिचकी जाऊन नुसता थप असा आवाज यायचा. दादांना पुन्हा बोलवावं लागलं. त्यांनी फोनवर आधी भाव सांगितला, मग म्हणाले, “ताई, पांढरी पाच म्हणजे बाई रडणारे का गाण्यात?” रडत नाही म्हटलं. “मग बरं,” म्हणाले. दुसऱ्या खेपेला त्यांनी वाजवलं तेही वेगळं. पहिल्यांदा लावणीच्या फडाची सवय डोकावत होती, आता बोटांनी नुसतं चाचपल्यासारखं वाजवून गेले. अल्बममधला मला सगळ्यात जास्त आवडणारा वाद्याचा तुकडा तोच आहे.

हळू गाताना दम जास्त लागतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर हसले असते. मोठ्या आवाजात स्वरपटल घट्ट मिटतं आणि हवा बेतानं जाते. कुजबुजत्या आवाजात ती सांडत राहते. पूर्वी एका श्वासात सहज बसणारी ओळ मधेच तुटायला लागली. सिनात्रा टॉमी डॉर्सीच्या ट्रॉम्बोनवादनाकडं बघून श्वास लपवायला शिकला होता असं वाचलं, आणि मी आमच्या बासरीवाल्याला गाठलं. त्यानं दाखवलं: श्वास ओळीच्या शेवटी घ्यायचा नाही, तिथं सगळ्यांना तो ऐकू येतो. शब्दाच्या आत, जोडाक्षराच्या आड, नाकातून चोरटा घोट. रात्री शेजारचं बाळ उठणार नाही इतक्या आवाजात सराव करत बसायचे. नवरा म्हणाला, “तू गातेस की मोबाइलवर कुणाशी बोलतेस?” बोलतेच आहे म्हटलं.

मग शब्दांचा प्रश्न. खिळ्याच्या गाण्याचा पहिलाच शब्द “भिंतीवरचा”. वीतभर अंतरावरून भ म्हटला की हवेचा गोळा माइकवर आपटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये दणका बसतो. पॉप फिल्टर थोडा अडवतो, पूर्ण नाही. गीतकाराला विचारलं, दुसरा शब्द देतोस का. म्हणाला, “भिंत काढली तर खिळा कशाला ठोकू?” शेवटी रेकॉर्डिस्टनं मला माइकच्या नाकासमोरून बाजूला सरकवलं, तोंड जरा तिरकं, म्हणजे हवा शेजारून निघून जाते आणि आवाज तेवढा पोचतो. स, श, च यांची शीळही तिरकं उभं राहिल्यानं बरीच कमी झाली.

खरी पंचाईत ळ ची. आवाज हळू केला की व्यंजनं बुळबुळीत होतात. एक ओळ पुन्हा पुन्हा, अनेक टेकमध्ये गायलेली असते; नंतर कागदावर ओळीसमोर टेकचे आकडे मांडून सगळ्यात चांगले तुकडे जोडायचे, याला कॉम्पिंग म्हणतात. रेकॉर्डिस्ट पोताकडं बघून निवडायचा: हा टेक मऊ आहे, हा मखमली. मला त्याच मखमली टेकमध्ये “वेळ” ऐवजी “वेल” ऐकू येत होतं, आणि “डोळे” जवळजवळ “डोले”. यावरून आमची चांगली जुंपली. इथं बाईंचं शिक्षण कामाला आलं. त्यांनी जीभ टाळ्याला लावून नुसते ट, ण, ळ घोटून घेतलेले, आवाज न करता. म्हणजे जोर काढून टाकला तरी जीभ आपल्या जागी पोचत होती. त्या ओळी पुन्हा गायले, तितक्याच हळू, आणि ळ जागेवर आला. मग तो म्हणाला, “ताई, हा मऊ पण आहे आणि कळतोय पण.” हेच तर सांगत होते.

सूर दुरुस्त करण्याच्या सॉफ्टवेअरबद्दल लोक कुजबुजत विचारतात, जणू काही मी परीक्षेत कॉपी केली का असं. वापरलं. सगळेच वापरतात. पडद्यावर प्रत्येक स्वर एका फुगीर ठिपक्यासारखा दिसतो, तो उचलून वर-खाली ठेवता येतो. पण मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, तिथं एका लांब उताराच्या रूपात दिसते आणि यंत्राला तो उतार म्हणजे दोन चुकलेले स्वर वाटतात. आपोआप दुरुस्ती लावली की गंधारावरून रिषभावर येणारी घसरण पायऱ्या-पायऱ्यांची होते. ते मी एकही ठिकाणी होऊ दिलं नाही. दुसरी भानगड कोमल गंधाराची: मी तो लावते कीबोर्डपेक्षा किंचित खाली, बाईंनी तंबोऱ्यावर तसाच बसवलाय. तंबोऱ्यासोबत तो गोड लागतो; पण खाली कीबोर्डची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर, उभी असेल आणि त्यातही तोच गंधार असेल तर दोघं एकमेकांना टोचतात. तडजोड अशी झाली की जिथं स्वर कॉर्डवर थांबतो तिथं तो कीबोर्डच्या घरात नेला, आणि जिथं नुसता स्पर्श करून जातो तिथं माझा माझ्या घरी ठेवला. काही ठिकाणी अरेंजरनं कॉर्डमधला गंधारच काढून टाकला. हा उपाय मला सगळ्यात सभ्य वाटला.

मिक्सिंगमध्ये, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकमेकांत बसवण्यात, मी फार लुडबुड केली नाही. वाद एकाच गोष्टीवर व्हायचा: आवाज किती पुढं ठेवायचा. मराठी कानाला शब्द पुढं लागतात. पॉपच्या रीतीप्रमाणं आवाज वाद्यांत जरा मुरलेला असतो. अर्धा-अर्धा डेसिबल वर-खाली करत संध्याकाळी गेल्या. मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर, गाडीत, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीत, सगळीकडं ऐकून पाहिलं. एक सुखाची बातमी मास्टरिंगच्या, म्हणजे गाण्यावर शेवटचा हात फिरवायच्या वेळी कळली. पूर्वी गाणं दुसऱ्यापेक्षा मोठं वाजावं म्हणून दाबून दाबून सपाट करायचे. आता स्पॉटिफायसारखी सेवा सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) या एकाच पातळीला आणून वाजवते, म्हणजे आरडाओरडा करणाऱ्या गाण्याला ती स्वतःच खाली बसवते. हळू गाण्याचा त्यात तोटा होत नाही. उलट चढ-उतार शाबूत राहतात.

खर्च विचारणारे खूप असतात म्हणून सांगते: आठ गाण्यांचा मिळून साडेचार लाखांच्या आसपास. गाडी घ्यायची होती, ती राहिली. सगळ्यात जास्त पैसे वादक आणि मिक्सिंगला गेले, सगळ्यात कमी फोटोला, आणि ते फोटोत दिसतंही.

कागदपत्रांबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: गाणं रेकॉर्ड व्हायच्या आधी करा. मित्र-मित्र म्हणून नंतर बघू म्हणतात आणि गाणं चाललं की मैत्री जाते. शब्द गीतकाराचे, चाल माझी, ध्वनिमुद्रण पैसे घालणाऱ्याचं, म्हणजे इथंही माझं. हे तीन वेगळे हक्क आहेत. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्यामुळं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून घेऊनही निर्मात्याला गिळता येत नाही. हे आमच्या बँकवाल्याला माहीत नव्हतं; तो “एकदाच काय ते दे” म्हणत होता. मी त्याला आयपीआरएसचा अर्ज भरायला लावला, गीतकार आणि संगीतकारांची ती संस्था १९६९ पासूनची आहे. मग प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक. त्यात देश, नोंदणीदार, वर्ष आणि अनुक्रम. गाण्याचा आधार क्रमांकच म्हणा. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर नको, वेबसाइट नको. शीर्षक देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्हीकडं एकसारखं.

इतकं करूनही गाणी सोडणाऱ्या वितरकानं आमचा अल्बम माझ्याच नावाच्या दुसऱ्या एका गायिकेच्या पानावर नेऊन ठेवला. ती देवीच्या आरत्या गाते. तिच्या श्रोत्यांना शुक्रवारी सकाळी नव्या आरत्यांऐवजी डिपॉझिट परत न देणारा घरमालक ऐकू आला. तक्रारीला यंत्राकडून उत्तरं यायची, “आम्ही आपल्या भावना समजतो” वगैरे. पान वेगळं होईपर्यंत पहिल्या आठवड्याचा सगळा जोर निघून गेला. गंमत म्हणजे तिच्या काही श्रोत्यांनी आमचं वॉचमनचं गाणं ठेवून घेतलं आणि अजून ऐकतात.

कमाईचं म्हणाल तर स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच ऐकलं म्हणून मोजतात, आणि २०२४ पासून वर्षात १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच नाही. आमच्या आठांपैकी काहींनी ती रेघ ओलांडली, काही रेघेच्या अलीकडं निवांत बसली आहेत. तानपुऱ्यानं संथ सुरू होणारं गाणं त्यातलंच. अरेंजर आधीच म्हणत होता, तो तानपुरा छाट. मी छाटला नाही, अजूनही छाटणार नाही.

बाईंना ऐकवायचं धाडस बऱ्याच उशिरा केलं. त्यांना इअरफोन घालायची सवय नव्हती. दोन्ही कानांत नीट बसवून दिले. खिळ्याचं गाणं सुरू झालं तशा त्या एकदम मागं सरकल्या. “अगं, कानात येऊन काय बोलतेस! मी दचकले ना.” मग पूर्ण ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या, “दुसऱ्या अंतऱ्यात निषाद सैल आहे. ळ बरे लावलेस.” आणि थोड्या वेळानं, चहा ओतताना, “हे तुला माझ्याकडून आलेलं नाही. पण वाईट नाही.” त्यांच्याकडून एवढं प्रमाणपत्र मी याआधी कधी घेतलं नव्हतं.

आता ही गाणी कार्यक्रमात गायची आहेत आणि सगळं उलटं झालंय. छोटं सभागृह ठरवलंय, तरी रंगमंचावर मी वीतभर अंतरावरून पुटपुटले की साउंडवाला माइकचा गेन वाढवतो, गेन वाढला की मॉनिटर, म्हणजे माझ्याकडं तोंड केलेला स्पीकर, किंचाळायला लागतो. तालमीत हेच चाललंय. कानात घालायचे मॉनिटर भाड्यानं घेऊन पाहिले, त्यानं फरक पडला, पण समोर बसलेली माणसं बघितली की छाती आपोआप उघडते, हनुवटी वर जाते. शेवटी ठरवलं की खिळ्याचं गाणं पांढरी पाचलाच, नुसत्या गिटारवर, आणि वॉचमनचं आणि गच्चीचं काळी चारला, खुल्या आवाजात. घरमालकाचं भांडण तर काळी पाचलाच शोभतं. हे सगळं दादांना फोनवर सांगितलं. ते हिशेब करत राहिले.

“म्हणजे काळी चारच्या दोन, काळी पाचच्या दोन,” ते म्हणाले. “चार ढोलक्या झाल्या. रिक्षात मावत नाहीत, टेम्पोचं भाडं वेगळं द्यावं लागंल.”